गंजून बसलेला सस्पेन्शनचा बोल्ट: तुटण्याआधी काय करायचं आणि तुटल्यावर काय

"बोल्ट हलत नाही. जोर लावला आणि तुटला तर आमची जबाबदारी नाही." अलाइनमेंटवाल्याने असं सांगून गाडी परत पाठवली की बरेच जण आमच्या गॅरेजला येतात. उरलेले येतात ते बोल्टचं तुटलेलं डोकं रुमालात बांधून. कोकणच्या किनारपट्टीवर जुन्या गाड्यांची कामं करतोय, त्यामुळे हा एकच बिघाड इतक्या वेळा हाताखालून गेलाय की पाना लावल्यावर पहिल्या दोन सेकंदांत तो बोल्ट काय करणार हे हाताला कळतं. ते हाताला कसं कळतं, तेच इथे शब्दांत मांडायचा प्रयत्न करतो.

आधी एक महत्त्वाचं. बोल्ट गाडी चालत असताना तुटला असेल, म्हणजे आर्म (चाकाला चासीशी जोडणारा लोखंडी दांडा) लोंबतोय किंवा चाक वाकडं झालंय, तर गाडी आहे तिथेच उभी करा आणि टोइंग बोलवा. "गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे, हळूहळू नेतो" हा विचार नको. मारुती ८००सारख्या छोट्या गाडीत पुढचा लोअर आर्म आतल्या बाजूला एकाच बोल्टवर बसलेला असतो. तो गेला की चाकाला जागेवर धरून ठेवणारं फारसं काही उरत नाही.

लक्षणं

खड्ड्यातून किंवा स्पीडब्रेकरवरून जाताना पुढून खडखड येते. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. टायर आतल्या कडेने खाल्ला जातो. ही सगळी लक्षणं बुश, म्हणजे आर्मच्या डोळ्यातला रबरी तुकडा, गेल्याची आहेत. बुश बदलायला म्हणून खाली शिरतो आणि तिथे बोल्ट अडतो. खरी लक्षणं पाना लावल्यावर दिसतात, आणि ती पाच तऱ्हेची असतात. नीट वाचा, कारण प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

पहिली: बोल्ट अजिबात हलत नाही, दगडासारखा आहे.

दुसरी: फेऱ्याचा आठवा हिस्सा फिरतो, पाना सोडला की परत जागेवर येतो, रबर पिळल्यासारखा. ते खरोखर रबरच पिळलं जातंय. बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीला, म्हणजे स्लीव्हला, गंजून चिकटलाय आणि नळीसकट फिरतोय.

तिसरी: आटे सुटलेत, बोल्ट फिरतोय, पण बाहेर येत नाही. इथेही नळीनेच धरून ठेवलंय.

चौथी: बोल्ट कितीही फिरवा, फिरतच राहतो. पलीकडचा नट चासीला वेल्ड केलेला होता, ते वेल्ड सुटलंय.

पाचवी सगळ्यात वाईट, आणि तीच लोकांच्या लक्षात येत नाही. जोर लावताना बोल्ट आधी घट्ट होता आणि अचानक हाताला मऊ लागला, काही आवाज न होता. मालकाला वाटतं सुटला. तो सुटत नसतो, पिळला जात असतो. गंज सुटतो तेव्हा "कट्ट" असा कोरडा आवाज येतो आणि हाताला झटका बसतो. मऊ, मुका फेरा आला की हात तिथल्या तिथे थांबवा. आणखी पाव फेरा दिलात की डोकं पान्यात येईल.

आमच्याकडेच इतकं का

गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असतं. बोल्ट आणि नळीमध्ये केसाएवढी फट असते. तिथे गंज धरला की तो फुगतो, फट भरतो आणि दोन्हीकडे दाब देतो. पाचर ठोकल्यासारखंच ते. म्हणून आट्यांपेक्षा नळीतला गंज जास्त चिवट असतो. आट्यांची लांबी दहा-बारा मिलिमीटर, नळीची पाच-सहा सेंटिमीटर.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यात खारा वारा. त्यात जांभ्याची लाल माती ब्रॅकेटच्या (चासीवरच्या ज्या पत्र्याच्या कानांत आर्म बसतो त्याच्या) कोपऱ्यात जाऊन बसते आणि ओल धरून ठेवते. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने रोज ये-जा करणाऱ्या गाड्या मी खालून बघूनच ओळखतो. धक्क्याच्या उतारावरचं खारं पाणी थेट पुढच्या आर्मवर उडतं. आणि पर्यटकांनी किनाऱ्यावर ओल्या वाळूत गाडी घातली असेल, तर आमच्या दृष्टीने ती गाडी एका दिवसात पाच वर्षांनी म्हातारी होते. मुंबईची गाडी गणपतीला गावी येते, चार दिवस हे सगळं अंगावर घेते आणि परत जाते. दोन वर्षांनी अंधेरीतल्या मेकॅनिकला प्रश्न पडतो की एवढा गंज आला कुठून.

पाना लावण्याआधी

गाडी सपाट, टणक जमिनीवर. मागच्या चाकांना लाकडी ओंडके. जॅक फक्त उचलायला. खाली शिरायचं तर चासीखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय नाही, एक मिनिटासाठीसुद्धा नाही. अडलेल्या बोल्टवर जोर लावताना अख्खी गाडी हलते, जॅक सरकतो. डोळ्यांना गॉगल, कारण तुम्ही उताणे झोपलेले असता आणि गंज थेट चेहऱ्यावर पडतो.

आता हातातली बॅटरी (विजेरी) घ्या, वायर ब्रश घ्या आणि नुसतं बघा. यात पैसे जात नाहीत आणि निम्मं काम इथेच होतं. स्क्रूड्रायव्हरने ब्रॅकेटच्या आजूबाजूचा पत्रा टोचून बघा. टोक आत गेलं किंवा पापुद्रे निघाले, तर थांबा. ज्या पत्र्यावर बोल्ट बसतो तोच कुजलाय, आणि कुजलेल्या पत्र्यात नवा बोल्ट घालून काही साधत नाही. ते काम बॉडी वेल्डिंगवाल्याचं आहे, आणि तेही जुन्या पत्र्यावर पट्टी चिकटवणाऱ्याचं नाही, कुजलेला भाग कापून नवा घालणाऱ्याचं.

पत्रा चांगला असेल तर बोल्टच्या डोक्यावर आणि पलीकडे नटातून बाहेर आलेल्या शेपटावर खडूने एकेक रेघ मारा. पाना लावून हलकासा जोर द्या आणि पलीकडून कोणाला तरी शेपटाकडे बघायला सांगा. डोक्याबरोबर शेपूट फिरलं तर आटे मोकळे आहेत, अडलंय ते बुशच्या नळीत. डोकं जरा हललं, शेपूट नाही, तर आटे धरलेत आणि बोल्ट पिळला जातोय, जोर सोडा. ही एक खडूची रेघ पुढचे तीन तास वाचवते. बोल्ट तुटतात ते ताकद कमी पडली म्हणून नव्हे. अडलंय एकीकडे आणि आपण मेहनत करतोय दुसरीकडे, म्हणून.

शेपटाचे आटे वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. हे कोणी करत नाही. बोल्ट सुटताना ते गंजलेलं शेपूट नटाच्या आट्यांतून मागे यायचं असतं. साफ केलं नाही तर बोल्ट दोन फेरे छान फिरतो आणि तिसऱ्याला गंजाचा भुगा आट्यांत अडकून कायमचा बसतो. "सुटत होता हो, मग अचानक तुटला", ही तक्रार ऐकली की मी आधी शेपूट बघतो. हमखास लाल असतं.

पाना सहा कोनी गोटीचाच (गोटी म्हणजे सॉकेट). बारा कोनी गोटी किंवा उघडा पाना फक्त कोपऱ्यांवर धरतो आणि डोकं गोल करतो. जपानी घडणीच्या गाड्यांत १० मिमी बोल्टला १४ चा पाना आणि १२ मिमीला १७ चा लागतो. गोटी हातोड्याने ठोकून बसवा, मधली माती-रंग निघू दे.

तेल आणि धीर

यापुढची पायरी स्वस्त आहे, फक्त वेळ मागते. गंज सोडवणारं तेल मारायचं आणि घाई करायची नाही. पाच मिनिटं थांबून पाना लावणं म्हणजे तेल वाया घालवणं. फट इतकी बारीक असते की तेल केशाकर्षणाने तसूतसूने आत जातं. मी सकाळ-संध्याकाळ असं तीन दिवस मारतो. कुठे मारायचं हे खडूच्या रेघेने आधीच सांगितलंय: आटे अडले असतील तर शेपटाकडून, वेल्ड केलेल्या नटाच्या मागे चासीला भोक असेल तर त्यातून, नळी अडली असेल तर बुशच्या दोन्ही तोंडांशी. लोक डोक्यावर फवारतात. डोक्याखाली वायसर असतो, तेल तिथेच अडतं.

तयार स्प्रे मिळाला तर उत्तम. गावात नसेल तर डिझेलही चालतं, मात्र त्याला जास्त दिवस द्या. गिअरबॉक्सचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळून वापरणारेही आहेत. मीही वापरतो, पण ॲसिटोन भडकून पेटतं. ज्या दिवशी हे मारलं त्या दिवशी त्या जागी आग न्यायची नाही.

बोल्ट शाबूत असेल आणि गाडी नीट चालत असेल तर या तीन दिवसांत रोजच्यासारखी चालवा. खड्ड्यांचे हादरे तेल आत ओढायला मदत करतात.

ठोके

स्थिर जोराने बोल्ट पिळतो, ठोक्याने गंज तडकतो. गोटी लावून एक किलोच्या हातोड्याने डोक्यावर सरळ रेषेत दहा-बारा खणखणीत ठोके द्या. नटाच्या बाजूलाही द्या. शक्य असेल तर पलीकडून दुसरा जड हातोडा टेकवून धरायला सांगा, म्हणजे ठोका पत्र्यात विरणार नाही. मग बोल्ट आधी थोडा घट्ट करायचा प्रयत्न करा. उलटं वाटेल, पण त्या दिशेला केस एवढा हलला तरी गंजाची साखळी तुटते. मग सोडा. पाव फेरा सोडला की आठवा हिस्सा परत आत. तेल. पुन्हा. माझे उस्ताद म्हणायचे, "दोन पाऊल आगे, एक पाऊल पीछे", आणि बोल्ट पूर्ण हातात येईपर्यंत ही चाल ते सोडायचे नाहीत.

पान्याला दीड मीटरचा पाइप लावायचा मोह होईल. लावा, पण हाताला काय लागतंय ते ऐकत. पाइप जितका लांब, तितकं बोटांना कमी कळतं. इम्पॅक्ट गन असेल तर कमी ताकदीवर, लहान लहान झटक्यांत.

नळीच अडली असेल तर ठोक्यांनी शक्यतो काही होत नाही. फार वेळ घालवू नका. पुढे कापण्याचा भाग आहे, तो तुमच्यासाठी आहे.

उष्णता

इथून पुढे चूक महाग पडते.

उष्णता बोल्टला द्यायची नाही, नटाला द्यायची. लोखंड दर अंश सेल्सियसला एक लाखात सव्वा भाग प्रसरण पावतं. १० मिमीचं भोक तीनशे अंशांनी तापलं तर साधारण ०.०३६ मिमी मोठं होतं. आकडा चिमुकला वाटतो, पण गंजाची पकड सुटायला तेवढा पुरतो. नट तापवायचा आणि बोल्ट तुलनेने थंड असतानाच फिरवायचा. दोन्ही सारखेच लाल केले तर फरक काय राहिला?

नट तापवून ज्योत बाजूला केल्यावर साधी मेणबत्ती फटीला टेकवा. मेण वितळून झर्रकन आत ओढलं जातं. जुनी युक्ती आहे, आणि आट्यांसाठी मला स्प्रेपेक्षा ती जास्त भरवशाची वाटते.

घरच्या छोट्या ब्युटेन टॉर्चने १० मिमीचा नट तापतो. चासीचा जाड पत्रा उष्णता ओढून घेत असेल तर तो पुरत नाही, ऑक्सी-ॲसिटिलीन लागतो. तो तुम्ही कधी हातात धरला नसेल तर आजचा दिवस शिकण्याचा नाही. गॅसवाल्याला बोलवा.

टॉर्च पेटवण्याआधी बघा: पेट्रोलची नळी कुठून गेलीये, ब्रेकचा रबरी होज किती जवळ आहे, ॲक्सलचं रबरी बूट, बॉल जॉइंटचं रबर. हे बाजूला करता येत नसेल तर ओल्या जाड गोणपाटाने झाका. शॉकअपला ज्योत लागता कामा नये. आत तेल आणि गॅस असतो. पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी, आणि एक माणूस बाहेर उभा. बुशचं रबर पेटलं तर काळा घाण धूर येतो, म्हणून नवा बुश आधी आणून ठेवल्याशिवाय तापवायला घेऊच नका. ब्रेक क्लीनरने जागा धुतली असेल तर पूर्ण सुकू द्या. काही क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं, आणि त्यावर ज्योत किंवा वेल्डिंग आलं की विषारी वायू तयार होतो.

लाल केलेला बोल्ट किंवा नट परत वापरायचा नाही. त्याची ताकद गेली.

कापणं

बोल्ट बुशच्या नळीत अडलाय आणि बुश तसाही बदलायचाय, तर कापणं हाच सगळ्यात सरळ रस्ता आहे. लोकांना कापणं म्हणजे हार वाटते. मला तर बोल्ट ठरवून कापणं हे तो अवचित तुटण्यापेक्षा कितीतरी बरं वाटतं, कारण कुठे कापायचं ते आपल्या हातात असतं.

ब्रॅकेट आणि बुश यांच्यामध्ये एक-दोन मिलिमीटरची फट असते. आर्मखाली जॅक लावून त्याचं वजन उचला, म्हणजे फट मोकळी राहील आणि ब्लेड चिमटणार नाही. हॅक्सॉचं चांगलं बायमेटल ब्लेड, एका टोकाला कापड गुंडाळून, हाताने. एका बाजूला अर्धा-पाऊण तास लागतो. इलेक्ट्रिक सेबर सॉ असेल तर पाच-सात मिनिटं. एक मिमीच्या डिस्कचा ग्राइंडरही चालतो, पण त्याची डिस्क ब्रॅकेटच्या कानाला लागली की ती खाच नंतर तडा बनते. तिथे घाई नको.

आधी डोक्याकडची बाजू, मग नटाकडची. आर्म मोकळा झाला की खाली काढून घ्या. बुश प्रेसवर निघतो. हातोड्याने ठोकून आर्मचा डोळा वाकवू नका. गावात प्रेस नसेल तर तालुक्याच्या लेथवाल्याकडे असतो.

आता नटात उरला तो तुकडा. त्याच्यावरचा नळीचा ताण गेलाय, फक्त आट्यांची पकड उरलीये. नट तापवा, मेण सोडा आणि पलीकडून शेपूट व्हाइस ग्रिपने (आवळून लॉक होणाऱ्या पकडीने) पकडून नेहमीसारखं डावीकडे फिरवा. डोकं नसल्यामुळे तुकडा मागच्या बाजूने तुमच्याकडे येतो. बहुतेक वेळा एवढ्यावर काम संपतं.

तुटलाच असेल तर

तुकडा तीन-चार मिमी तरी बाहेर असेल तर त्यावर नट वेल्ड करून घ्या. आधी तुकड्यावर वायसर ठेवून तो आतून वेल्ड करायचा, मग त्यावर नट. वायसरमुळे वेल्ड चासीला चिकटत नाही. वेल्डिंगची उष्णता तुकड्याच्या आत पोचते, तो फुगून गंज चेचतो, आणि थंड होताना आकसून सुटतो. लाली गेली की, पण हाताला चटका बसेल इतका गरम असताना, पान्याने पुढे-मागे हलवत काढायचा. पहिलं वेल्ड तुटलं तर निराश होऊ नका, तिसऱ्या-चौथ्या वेळी निघालेले तुकडे मी बरेच पाहिलेत. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा, आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हे विसरायचंच नाही. वेल्डरची अर्थ क्लिप त्या ब्रॅकेटलाच, बोल्टच्या शक्य तितकी जवळ.

तुकडा पत्र्याच्या पातळीत किंवा आत तुटला असेल तर ड्रिल. इथे मी स्वतः केलेली चूक सांगतो. एका गुरुजींची जुनी लाल गाडी होती, शाळेतून निवृत्त झाल्यावरही ती त्यांनी जपली होती. नॅकलचा (ज्यावर चाक बसतं त्या ओतीव भागाचा) बोल्ट आतच तुटलेला. मी तुकड्याला भोक पाडलं, ईझी-आऊट (तुटलेला बोल्ट उलटा फिरवून काढायचा निमुळता खिळा) ठोकला आणि टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) हँडलने फिरवला. बोल्ट हलला नाही, ईझी-आऊटच मोडला, आतल्या आत. तो कडक पोलादाचा असतो. त्यावर कोणतंच साधं ड्रिल चालत नाही, नुसतं घसरतं. दुसरा दिवस त्याच्यातच गेला आणि शेवटी नॅकलच बदलावा लागला. "अहो, तुम्ही तरी काय करणार," असं गुरुजी म्हणाले. करण्यासारखं होतं. जो बोल्ट १७ च्या पान्याला हलला नव्हता, तो माझ्या करंगळीएवढ्या ईझी-आऊटला कसा हलेल, हा विचार मी त्या दिवशी करायला हवा होता.

तेव्हापासून गंजलेल्या तुकड्यात ईझी-आऊट घालत नाही. तो आटे मोकळे असलेल्या, नुसत्या ताणाने तुटलेल्या बोल्टसाठी आहे. गंजलेल्या तुकड्याला मी पूर्ण ड्रिल करतो. आधी ग्राइंडरने किंवा कानशीने तुकड्याचं तोंड सपाट. मग सेंटर पंच, बरोबर मध्यावर. मध्य चुकला तर पुढचं सगळं चुकतं, त्यामुळे यावर दहा मिनिटं खर्च करा. पंचाची खूण सरकली असेल तर तिरपा पंच मारून परत मध्याकडे ढकला. ३ मिमी, मग ५, मग ६.५, कोबाल्टची ड्रिल, वेग कमी, तेल सतत. ८.८ ग्रेडचा (मजबुतीचा आकडा) बोल्ट चिवट असतो. ड्रिल जोरात फिरवलं तर जागा तापून आणखी कडक होते. डाव्या फेऱ्याचे ड्रिल मिळाले तर तेच घ्या, कधीकधी ६.५ ला पोचेपर्यंत तुकडा ड्रिलला चावून आपोआप फिरत बाहेर येतो. तो क्षण फार सुखाचा असतो.

१० मिमीच्या बारीक आट्याच्या बोल्टला, म्हणजे १.२५ पिचला (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये), ८.५ मिमीपर्यंत गेलात की फक्त आट्यांची पातळ साल उरते. ती टोकदार पंचने आत दुमडून चिमट्याने ओढायची. मग १०×१.२५ चा टॅप, तेल लावून, अर्धा फेरा पुढे आणि पाव मागे. पिच नव्या बोल्टवर मोजून घ्या; १.५ चा टॅप १.२५ च्या आट्यांत घातला तर जे वाचवलं तेही जाईल.

कुठे थांबायचं

ड्रिल मध्यापासून सरकलं आणि नटाच्या आट्यांना लागलं, तर थांबा. ईझी-आऊट किंवा टॅप आत मोडला, तर थांबा. स्पार्क इरोजनवाला (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून काढणारा) किंवा चांगला लेथवाला ते काढू शकतो, तुम्ही भोक मोठं करून नाही. चासीच्या पोकळीत नट सुटून फिरतोय, तर पत्र्याला खिडकी कापून नट धरावा लागतो आणि ती खिडकी नंतर नीट वेल्ड करून गंजरोधक लावावं लागतं. ती जागा गाडीचा भार घेणारी आहे, तिथे बॉडीच्या कामाचा हातच हवा. आणि स्ट्रटच्या (स्प्रिंगसकट असलेल्या शॉकअपच्या) वरचा मधला नट. त्याच्याखाली स्प्रिंग दाबलेली असते. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या योग्य कॉम्प्रेसरशिवाय तो उघडणाऱ्याचा जीव गेलेला आहे. बोल्ट निघत नाही म्हणून कोणी तो नट उघडायला सांगितलं, तर ऐकू नका.

मेकॅनिकला फोन करताना "बोल्ट तुटला" एवढंच सांगू नका. कुठला बोल्ट, किती बाहेर आहे, शेपूट फिरतं का, काय काय करून झालंय, आणि आत काही मोडलंय का, हे सांगा. मोडलेला ईझी-आऊट लपवलात तर त्याचे ड्रिल जातील आणि बिल तुमचं वाढेल.

परत बसवताना

हार्डवेअरच्या दुकानातला बिनखुणेचा बोल्ट इथे घालू नका, जाडी जुळली तरी. जुन्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो, किंवा गाडीच्या कंपनीची खूण. त्याच ग्रेडचा, त्याच लांबीचा, आणि बिनआट्यांचा भाग तेवढाच असलेला. आटे बुशच्या नळीत आले तर नळी त्यांना करवतीसारखी खाते. नायलॉनचा नट असेल तर दर वेळी नवा.

बोल्टच्या गुळगुळीत भागावर, जो नळीत बसतो तिथे, कॉपरचं अँटी-सीझ किंवा नुसतं चांगलं ग्रीस लावा. आट्यांना मात्र मॅन्युअल सांगत असेल तरच. आटे वंगणाने गुळगुळीत झाले की त्याच टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या त्याच जोराला, बोल्ट जास्त ताणला जातो.

आणि बुशचा बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचा घट्ट करू नका. हाताने बसवा, चाक लावा, गाडी जमिनीवर घ्या, पुढून दोनदा दाबून हलवा, आणि मग टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. हवेत आवळलं तर आर्म लोंबलेल्या स्थितीत रबर पकडलं जातं. मग गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. नवा बुश सहा महिन्यांत गेला म्हणून बुशला नावं ठेवणाऱ्या कित्येकांच्या गाडीत खरी चूक ही असते.

नटावर आणि ब्रॅकेटवर मिळून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. अलाइनमेंट करून घ्या. शंभर किलोमीटर झाले की गाडीखाली वाकून ती रेघ बघा. तुटली असेल, दोन तुकडे एकमेकांपासून सरकले असतील, तर नट हललाय. परत टॉर्क लावा आणि पुन्हा शंभर किलोमीटरनी बघा. त्यानंतर दर पावसाळ्याआधी आणि गणपतीनंतर, फेरीने किंवा किनाऱ्याने गाडी गेली असेल तर घरी आल्याआल्या, गोड्या पाण्याने खालून धुवा. पाण्याचा झोत ब्रॅकेटच्या कोपऱ्यात मारा, लाल पाणी यायचं थांबेपर्यंत.